दंडावरचे दाणे आणि शुक्रवारचं तेल

चेन्नईतल्या अड्यारच्या सरदार पटेल रस्त्यावर केंद्र सरकारची चर्मसंशोधन संस्था आहे. 1948 सालची. इथे तिला सगळे सीएलआरआय म्हणतात, आणि माझ्या यजमानांची सगळी नोकरी तिथे गेली. शेळीच्या कमावलेल्या कातड्यावर बारीक ठिपक्यांची जी नक्षी दिसते तिला त्या धंद्यात ग्रेन म्हणतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एकेकाळी तिथून केस निघत होता, त्याचं भोक. ग्रेन कसा आहे यावर कातड्याचा भाव ठरतो. लग्नानंतर पुण्याहून अड्यारला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात नवऱ्याने माझ्या दंडावरून हात फिरवून, एखादा नमुना पास करावा तशा आवाजात सांगितलं होतं, "ग्रेन उत्तम आहे."

त्यांचं शास्त्र चुकलं नव्हतं. माझ्या दंडांच्या मागच्या-बाहेरच्या बाजूला आणि मांड्यांवर लहानपणापासून रवा चिकटल्यासारखे दाणे आहेत. खाजत नाहीत, दुखत नाहीत, कुणाला लागत नाहीत. केस ज्या भोकातून बाहेर येतो तिथे केराटिन, म्हणजे केस आणि नखं ज्याची बनतात तेच प्रथिन, साठून त्याचं बूच बसतं. बऱ्याचदा आत एखादा बारीक केस गुंडाळून पडलेला असतो. डॉक्टरी भाषेत याला केराटोसिस पिलॅरिस म्हणतात. किशोरवयातल्या निम्म्याहून जास्त मुलामुलींना आणि मोठ्यांपैकी साधारण 40 टक्क्यांना हे असतं, असा पुस्तकांतला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आत्ता स्वतःचा दंड चाचपला असेल.

कातडी कमावणारे हेच केराटिन काढायला चुन्याचा आणि सोडियम सल्फाइडचा हौद वापरतात. केस विरघळतात, मुळं सैल होतात, मग कातडं खरवडतात. माणसाला हौदात बुडवता येत नाही, पण खरवडण्याचा मोह मात्र माणसांनी कधी सोडलेला नाही. या दाण्यांचा इतिहास म्हणजे बराचसा त्या मोहाचाच इतिहास. थोडा भुकेचाही आहे, आणि तो इथून फार लांब नाही, निलगिरीत घडला. तिकडे वळेनच. आधी न्हाणीघर.

पुण्यात आमच्या घरी या दाण्यांचं निदान ठरलेलं होतं: अंगात उष्णता. उपाय म्हणून सब्जा, आणि थंडीत उटणं. उटणं दिवाळीपुरतं नसायचं. आजी ते डब्यात भरून ठेवायची. डाळीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, वाळवून कुटलेली संत्र्याची साल. त्यात दूध किंवा दही घालून अंगाला लावायचं आणि घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीने घासायचं. टाचांसाठी वज्री असे. माझ्या दंडांवर आजीने जाळीवरून वज्रीवर बढती दिली. दंड लाल व्हायचे, दोन दिवस चुरचुरायचे, आठवड्याने दाणे होते तिथेच, शिवाय काही ठिकाणी काळे डाग. ते डाग दाण्यांपेक्षा जास्त दिसायचे. सावळ्या कातडीला सूज आली की ती जाताना रंग मागे ठेवून जाते, हे मला पुढे जीवशास्त्र शिकवताना नीट कळलं. आजीला काळजी माझ्या कातडीची नव्हती, बघायला येणाऱ्यांची होती. अर्ध्या बाह्यांचं पोलकं घालायचं वय आलं की ही काळजी घराघरात सुरू व्हायची.

अड्यारला आल्यावर शेजारच्या मामींनी माझा दंड पाहिला आणि तेच निदान तमिळमध्ये केलं: सूडु. उष्णता. हजार किलोमीटर दक्षिणेला येऊनही निदान बदललं नाही याची मला गंमत वाटली. उपाय मात्र बदलला. पुण्याचा भर घासण्यावर होता, इथे भर तेलावर होता.

इथली तेलाची न्हाणी ही एक पूर्ण व्यवस्था आहे. बायकांना मंगळवार-शुक्रवार, पुरुषांना बुधवार-शनिवार. शनिवारी न्हावं हा उपदेश तमिळ कवयित्री औवैयारच्या नावावर असलेल्या आत्तिचूडीत आहे, आणि ती तर इथली पोरं पाटीवर गिरवायला लागल्यापासून शिकतात. मामी तिळाचं तेल, त्यांचं नल्लेण्णै, कढईत घेऊन त्यात चार मिरीदाणे आणि चिमूटभर जिरं टाकायच्या, तडतडलं की उतरवायच्या. कोमट झालं की आधी टाळूवर, मग कानांमागे, मग सांध्यांना, शेवटी सगळ्या अंगाला. अर्धा तास जुनं लुगडं गुंडाळून बसायचं. मग सीयक्काय, म्हणजे आपली शिकेकाई. पण ती नुसती नसे. त्यात हिरवे मूग, मेथी, पूलांकिळंगु नावाचा सुवासिक कंद असं घालून सगळं गिरणीतून दळून आणलेलं असे. त्यासाठी वेगळी गिरणी असायची, कारण शिकेकाईनंतर त्या जात्यात तांदूळ दळला तर इडली फेसाळेल, असं मामी गंभीरपणे सांगायच्या. न्हाण्यानंतर गरम रसम-भात. आणि दुपारी झोपायचं नाही. हा नियम सर्वांत कडक. तेल लावून दुपारी झोपलेल्या माणसाला काय काय होतं याची मामींकडे यादी होती, तिच्यात सर्दीपासून वेडापर्यंत सगळं होतं.

ही काही फक्त बायकांची हौस नव्हे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अभ्यंग रोजच्या दिनचर्येत आहे. डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष करून लावावं असं तिथे सांगितलं आहे, आणि त्याच प्रकरणात अंगाला चूर्ण चोळण्याचाही उल्लेख येतो. म्हणजे पुण्याचं उटणं आणि मामींचं तेल ही एकाच प्रकरणाची दोन पानं. आमच्या मराठी राजांनीही इकडे वैद्यकात रस घेतला होता: तंजावरचे दुसरे सरफोजी, ज्यांनी 1798 ते 1832 गादी सांभाळली, त्यांच्या धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग होत, आणि तिथल्या उपचारांची तमिळ पद्यं शरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने जमवली गेली. चेन्नईतल्या तंजावरी मराठी घरांत आजही तेल तमिळ आणि उटणं मराठी असा सुखाचा संसार चालतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे तर भांडणाचा प्रश्नच नाही. आपण ज्याला अभ्यंगस्नान म्हणतो त्याला इथे गंगास्नान म्हणतात, आणि सकाळी रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण दिवाळीच्या शुभेच्छांच्या आधी विचारतो, "गंगास्नानम आच्चा?" झालं का गंगास्नान? फराळाच्या आधी चमचाभर लेगियम, म्हणजे आलं-मिरी-गुळाचा तिखट लेह, चाटावा लागतो. पहिल्या वर्षी मला ती शिक्षा वाटली होती.

तेलाने माझे दाणे गेले का? गेले नाहीत. मऊ झाले. तेल केराटिनचं बूच विरघळवत नाही. कातडीतलं पाणी उडून जाण्याचा वेग तेवढा कमी करतं. आणि खरं सांगायचं तर अर्धं श्रेय तेलाचं नव्हतंच, अड्यारच्या हवेचं होतं. हे दाणे कोरड्या थंडीत वाढतात, दमट हवेत बसतात. पुण्याच्या डिसेंबरात माझे दंड किसणीसारखे होत. इथे समुद्र आणि अड्यार नदी यांच्या मध्ये राहिल्यावर डिसेंबर म्हणजे पावसाळ्याचं शेपूट. मामींना हे कधी पटलं नाही. सगळं श्रेय शुक्रवारला. आता मात्र अड्यारमधल्या घराघरांत एसी आला आहे, माझी नात जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या ज्या कार्यालयात बसते तिथे वर्षभर पुण्याचा डिसेंबर असतो, आणि तिचे दंड माझ्यापेक्षा खरखरीत आहेत. घराण्याचा हा वारसा आहे. आईवडिलांपैकी एकाला असलं तरी मुलांत उतरू शकतं.

आता डॉक्टरांकडे. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ लुई ब्रॉक यांनी 1890 मध्ये या दाण्यांवर सविस्तर लिहिलं. गालावर लाली असणारा, भुवयांचे केस विरळ करणारा असे याचे भाऊबंदही त्यांनी मांडले. युरोपातल्या डॉक्टरांचं निदान तिथे संपलं: वंशपरंपरागत, निरुपद्रवी, किरकोळ. पुस्तकात एक परिच्छेद. आपल्याकडे मात्र हा परिच्छेद इतक्या सहज संपला नाही, कारण आपल्याकडे तसेच दिसणारे दुसरे दाणे होते.

1933 मध्ये कोलंबोचे डॉक्टर ल्यूशियस निकोल्स यांनी इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये एका लक्षणाला नाव दिलं: फ्रिनोडर्मा, बेडकासारखी कातडी. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला, मांड्यांवर, ढुंगणावर टोकदार, खरखरीत, काळपट दाणे. मधोमध शिंगासारखं बूच. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या लोकांत त्यांना ते दिसले, आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. केसाच्या भोकात केराटिनचं बूच, हेच इथेही. पण माझ्या दंडावरचं बूच जन्माचं आणि हे बूच उपासमारीचं.

निलगिरीतल्या कुन्नूरला तेव्हा अन्नाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा होती. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या जागेत उभी केली आणि उंदरांना वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण घालून त्यांची वजनं मोजली. मद्रासी जेवणावरचे उंदीर पंजाबी जेवणावरच्यांपेक्षा खुरटे निघाले, आणि हे इथे अजूनही कुणाला ऐकायला आवडत नाही. 1935 मध्ये वॉलेस एक्रॉयड त्यांच्या जागी आले. उंदरांवरून त्यांनी नजर शाळकरी पोरांकडे वळवली. मद्रास इलाख्यातल्या शाळांत आणि वसतिगृहांत त्यांच्या चमूने 1936-37 च्या सुमारास मुलांची पाहणी केली: डोळ्याच्या पांढऱ्यावर फेसासारखा डाग आहे का, ओठांच्या कोपऱ्यात चिरा आहेत का, आणि कोपर-गुडघ्यांवर बेडकाची कातडी आहे का. रक्त तपासायची सोय नव्हती, त्यामुळे कातडी हीच वही होती. ताटात काय पडतंय ते तिच्यावर वाचायचं. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे राइट आणि एक्रॉयड यांनी त्याच काळात, अ जीवनसत्त्वाअभावी ज्यांचे डोळे जात होते अशा मुलांना तांबडं पाम तेल दिलं आणि त्याचा गुण आलेला नोंदवला. कॉडलिव्हर ऑइल महाग होतं, आयात करावं लागत होतं. तांबडं तेल हा गरिबाचा पर्याय ठरू शकेल असा विचार होता. एक्रॉयडांची भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका 1937 ची. पुढे बंगालच्या दुष्काळाच्या चौकशी आयोगावरही ते होते.

मला या पाहणीबद्दल आदर आहे, आणि एक कुरबुरही आहे. ज्या इलाख्यात किशोरवयातल्या पोरांपैकी निम्म्यांना वारशाने आलेले दाणे असणार, तिथे दाणे मोजून भूक मोजणं हे निसरडं काम होतं. दंडावरचे कोणते आणि कोपरावरचे कोणते, हे घाईच्या पाहणीत किती जणांनी वेगळं केलं असेल? शाळेत वैद्यकीय तपासणीच्या दिवशी पोरांची रांग किती वेगाने सरकते हे मी शिक्षिका म्हणून पाहिलं आहे. शर्टाची बाही वर, जीभ बाहेर, पुढचा.

कारणाचा प्रश्नही सुटला नव्हता. अ जीवनसत्त्व दिलेली सगळी मुलं बरी होईनात. कॉडलिव्हर ऑइलने बरी झालेली होती, पण त्या तेलात अ जीवनसत्त्व असतं आणि स्निग्धाम्लंही. मग गुण कशाचा? इथे मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले, सेलमचे सी. गोपालन येतात. 1947 मध्ये त्यांनी इंडियन मेडिकल गॅझेटमध्येच फ्रिनोडर्माच्या कारणांची उलटतपासणी केली. सगळा दोष अ जीवनसत्त्वावर टाकण्याला त्यांनी आव्हान दिलं. पुढे हेच गोपालन देशाच्या पोषणविज्ञानाचे म्होरके झाले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे, महासंचालक झाले आणि शंभरी ओलांडून 2019 मध्ये गेले. कुन्नूरच्या प्रयोगशाळेचं संचालकपद मधल्या काळात आपल्या वि. ना. पटवर्धनांकडे होतं, त्यांच्याच कारकिर्दीत 1958 मध्ये ती हैदराबादला हलली आणि पुढे तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था झालं. हैदराबादहून श्रीकांतिया आणि बेळवाडी यांचं फ्रिनोडर्मावरचं काम 1961 मध्ये आलं. या सगळ्यातून हळूहळू चित्र असं उभं राहिलं की कातडीला लागणारी काही आवश्यक स्निग्धाम्लं, जी जवस, करडई यांच्या तेलात भरपूर असतात, आणि ब गटातली जीवनसत्त्वं, यांचा अभाव यामागे मोठा असतो. करडई आणि जवस! म्हणजे आमच्या सोलापूर-विजापूरकडच्या घाण्याचं तेल आणि भाकरीवरची चटणी.

इथे मला मामींचा शुक्रवार पुन्हा वेगळा दिसला. तिळाच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, म्हणजे तेच आवश्यक स्निग्धाम्ल. ज्या घरात आठवड्याला अंगाला वाटीभर तेल लावणं परवडतं, त्या घरात ते पोटातही जात असतं. अंगाला तेल चोळणारं घर आणि बेडकाच्या कातडीची पोरं असणारं घर, ही एकाच गावातली दोन घरं होती. तेलाच्या न्हाणीची जी परंपरा आपण कौतुकाने सांगतो ती सगळ्यांची परंपरा नव्हती. ज्यांना तेल चाटायलाही मिळत नव्हतं त्यांच्या कातडीबद्दल घरगुती उपायांची कुठलीच वही बोलत नाही. त्यांच्याबद्दल बोलतात ते कुन्नूरचे तक्ते.

अड्यारपुरतं बोलायचं तर ती दोन्ही घरं इथे शेजारी-शेजारी होती. थिऑसॉफिकल सोसायटी 1882 मध्ये नदीकाठच्या बागेत आली, आणि 1894 मध्ये तिचे अध्यक्ष कर्नल ऑल्कट यांनी जवळच अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. बेझंट नगरची ऑल्कट शाळा ती हीच. बागेतल्या प्रचंड वडाखाली जगभरचे लोक अध्यात्म ऐकत होते आणि कुंपणाबाहेर कोळ्यांची, मजुरांची पोरं होती. 1920 मध्ये पिट्टी त्यागराय चेट्टी महापालिकेचे अध्यक्ष असताना मद्रासने थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं. 1956 मध्ये मुख्यमंत्री कामराजांनी ते राज्यभर नेलं. 1982 मध्ये मुख्यमंत्री एमजीआरांनी ते इतकं वाढवलं की दिल्लीतले अर्थतज्ज्ञ वैतागले. बेडकाच्या कातडीला मलमाने नव्हे, या जेवणाने हटवलं, असं माझं मत आहे. मी शिकवायला लागले तेव्हापर्यंत ती क्वचित दिसे. दंडावरचे निरुपद्रवी दाणे मात्र भरपूर दिसत. ते कुठल्याच जेवणाने जात नाहीत.

आणि मग भूक मागे पडली तशी त्या दाण्यांना पुन्हा आजीची काळजी चिकटली. फक्त आता ती औषधाच्या दुकानातून बोलते. माझ्या एका विद्यार्थिनीला कुठल्याशा दुकानदाराने दंडांसाठी एक मलम दिलं होतं; दोन महिन्यांत कातडी पातळ होऊन खाली लाल शिरा दिसू लागल्या. स्टेरॉइडचं मलम होतं. ही मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, पण मिळतात, आणि त्वचारोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटना त्याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडते आहे. केराटिनच्या बुचावर स्टेरॉइड रोज लावून काही उपयोग नाही.

उपयोग कशाचा होतो हे 1974 पासून बऱ्यापैकी माहीत आहे. फिलाडेल्फियाचे यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी त्या वर्षी दाखवलं की लॅक्टिक, ग्लायकोलिक यांसारखी सौम्य आम्लं कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींची एकमेकींना धरलेली पकड सैल करतात. आजीच्या उटण्यातल्या दह्यात लॅक्टिक आम्ल होतं खरं, पण म्हणून आजीला रसायनशास्त्र येत होतं असं मी म्हणणार नाही. वज्रीने ती त्यातला सगळा फायदा घालवत होती. 2006 मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅकलीन यांच्या गटाने फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले दोष शोधले. हे प्रथिन कातडीचा बाहेरचा थर घट्ट आणि ओला ठेवतं. ज्यांच्यात ते कमी असतं त्यांची कातडी माशाच्या खवल्यांसारखी कोरडी होते, आणि त्यांच्या दंडांवर आपले हे दाणे बऱ्याचदा सापडतात. दाणे असलेल्या प्रत्येकात हा दोष असतो असं मात्र नाही.

नातीला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. अंघोळ कोमट पाण्याची, लांबलेली नको. साबण सौम्य, आणि तोही काखा-जांघांपुरता पुरे. अंग टिपलं, अजून किंचित ओलं आहे, तेवढ्यात युरियाचं किंवा लॅक्टिक आम्लाचं क्रीम लावायचं. युरिया 10 ते 20 टक्के, लॅक्टिक आम्ल 5 ते 12 टक्के, डब्यावर लिहिलेलं असतं. चुरचुरलं तर एक दिवसाआड. फरक दिसायला महिना-दीड महिना लागतो. थांबवलं की काही आठवड्यांत दाणे परत येतात, म्हणून ते संपवण्याचं नव्हे, सांभाळण्याचं काम आहे. पैसे वाचवायचे असतील तर साधं व्हॅसलिन किंवा खोबरेल तेलही कोरडेपणा कमी करतं. आजकाल अड्यारच्या दुकानांत लाकडी घाण्याचं मरचेक्कु तेल दुप्पट-तिप्पट भावाने मिळतं. ते जेवणात चविष्ट लागतं, दंडाला साधं तेलही चालतं. दाणे फोडायचे नाहीत, टोकरायचे नाहीत. रेटिनॉइडची मलमं डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत, गरोदरपणात तर नकोतच. वयाच्या तिशीनंतर बऱ्याच जणांचे दाणे आपोआप कमी होतात. माझे झाले नाहीत, पण मला आता पोलक्याची बाही कुणाला दाखवायची नाही.

शुक्रवारचं तेल मी अजून लावते. दाण्यांसाठी नव्हे, दुपारी झोपता येत नाही या सबबीवर त्या दिवशी वाचन होतं. मामी आता नाहीत, त्यांच्या सुनेने तेल सोडलं आहे.

शिक्षकांना आणि आईवडिलांना एकच विनंती. मुलाच्या दंडांवर, मांड्यांवर बारीक दाणे असतील, बाकी मूल ठणठणीत असेल, तर क्रीम लावा, नाही तर तसंच सोडा. पण मुलाला चिडवू नका, कुणाला चिडवू देऊ नका. दाणे कोपरांवर आणि गुडघ्यांवर दाट, टोकदार असतील, मूल रोडावलेलं असेल, संध्याकाळी नीट न दिसल्याने धडपडत असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि दुपारी त्याच्या ताटात काय पडतं ते विचारा. आणि वज्री टाचांसाठी आहे, दंडाला लावू नका.